नऊ एकोणसाठ

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बसणारा घड्याळाचा कोड सरांनी लिहिला होता. बावीस वर्षांत त्यांचा कोड तपासणीतून एकदाही परत आला नव्हता. याही वेळी कंपनीतल्या दोघा सहकाऱ्यांनी तो वरवर पाहून ‘ठीक’ म्हणून टाकलं. तिसरी तपासणी सरांच्याच हाताखाली शिकणाऱ्या नव्या मुलीकडे होती. तिने कोड परत पाठवला.

सर उठून तिच्या टेबलापाशी आले.

“सर, हा कोड आधी मिनिटं वाचतो, मग तास,” ती चाचरत म्हणाली. “नऊ एकोणसाठला मिनिटं वाचली आणि तेवढ्यात दहा वाजले, तर तो दहा एकोणसाठ सांगेल. आणि हे घड्याळ औषधाच्या पंपात बसणार आहे. पेशंटला डोस तासभर आधी जाईल.”

सरांनी त्या चार ओळी दोनदा वाचल्या. जागेवर जाऊन त्यांनी कोड दुरुस्त केला आणि सगळ्यांना दिसेल असं खाली लिहिलं, ‘चूक माझी. पकडली हिने.’

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी बायकोला फोन लावला.

“अगं, आज माझा कोड नापास झाला!”

“अहो, मग हसताय काय असे?”

“नापास करणारी पोरगी मी तयार केलीय! पुढच्या महिन्यात आता खुशाल निवृत्त होतो.”