मिस्टर

“चहा घेऊन आलात? मग तपासणी उद्या. उपाशीपोटी या, असं वेबसाइटवर स्पष्ट लिहिलंय ना!”

हॉस्पिटलच्या काउंटरवरून परत पाठवलेल्या बाईंनी आपला मोबाइल वैजयंतीपुढे धरला. वेबसाइटवरचं मराठी तिनंच लिहिलं होतं. आता मराठीचं बटण दाबलं तरी इंग्रजीच उघडत होतं.

ती तडक वेबसाइट सांभाळणाऱ्या नव्या इंजिनिअरकडे गेली. त्यानं शोधलं आणि तो ओशाळला. “मॅडम, ‘एमआर’ नावाचा फोल्डर होता. मला वाटलं, मिस्टर. साफसफाईत उडवला.”

“अरे, एमआर म्हणजे मराठी! आडनाव काय रे तुझं?”

“मराठे.”

वैजयंती त्याला घेऊनच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. जुना मजकूर तिनं जपून ठेवला होता. परत चढवायला एक दुपार पुरली असती.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. “दिवाळीपासून मराठी गायब आहे म्हणता. मग इतक्या महिन्यांत एकही तक्रार कशी नाही आली?”

“तक्रार करायचं मराठी पानही त्याच फोल्डरात होतं, साहेब.”

साहेबांनी क्षणभर विचार केला. त्यांचा चेहरा खुलला.

“असं होय? मग राहू दे की तसंच.”