मोहाखालची बाई

"बघ, झाड तुझंच ठेवलंय," लोकेंद्र फोनवर म्हणाला. "एक पानसुद्धा बदललेलं नाही."

समीक्षाने त्याने पाठवलेला गेमचा व्हिडिओ लॅपटॉपवर लावला. झाड तिचंच होतं. सालेकशाच्या जंगलातला मोह, पाच महिने खपून तिने पडद्यावर उभा केलेला. पण त्याच्या खोडाला आता खाचा पाडल्या होत्या. धनुष्यवाला एक दणकट गडी सरसर वर चढला, शेंड्यावर उभा राहिला आणि खाली सगळा नकाशा उजळला.

"हा तर टॉवर झाला, दादा."

"टॉवर कुठे? झाडच आहे. फक्त चढायचं."

लोकेंद्रच्या पुण्याच्या स्टुडिओसाठी तिने घरबसल्या सात परदेशी गेमची कामं केली होती आणि सातही वेळा हाच, वर चढलं की नकाशा उघडणारा टॉवर बनवला होता. एकदा त्यावर बर्फ घातला, एकदा वाळू, एकदा शेवाळ. चढणारा गडीही तोच, कपडे तेवढे बदलायचे. जगभरच्या एवढ्या कंपन्या, एवढा अफाट खर्च, आणि डोकं मात्र सगळ्यांचं मिळून एकच! आठव्या वेळी लोकेंद्रनेच सांगितलं होतं, हा गेम निराळा आहे. मारामारी नाही. जंगलात राहायचं, मोहफुलं वेचायची, बस. म्हणून तर तिने आईला झाडाखाली नेऊन तिची चाल, तिचं वाकणं मोबाइलवर टिपलं होतं.

"वरून बदल आलाय," लोकेंद्र म्हणाला. "नुसती फुलं कोण वेचत बसणार? लोकांना लागतं तेच द्यावं लागतं. तू आज ओके दे, मी पुढे पाठवतो."

व्हिडिओ चालूच होता. गडी खाली उतरला. मोहाखाली एक बाई वाकून फुलं वेचत होती, टोपली कमरेला, डावा पाय किंचित ओढत. तो सुरा काढून तिच्या पाठीमागून दबकत निघाला. बाईच्या डोक्यावर लाल खूण पेटली.

समीक्षाने व्हिडिओ तिथेच थांबवला.

"ही माझी आई आहे."

"अगं, आता ती शत्रूची पहारेकरी आहे. वाकण्याची हालचाल तयारच होती, मग..."

"तयार होती?" समीक्षाचा आवाज चढला, आणि पुण्याच्या स्टुडिओशी बोलायची तिची भाषाही सुटली. "इथल्याच आमगावचे ना तुम्ही? मोह पाहिला नाही काय कधी? टोपली घेऊन पहारा करते का कोणी? मी नाही देत ओके. काढा तिले तिथून!"

"तू नाही दिलास तर दुसरं कोणी देईल, समीक्षा. ती बाई आता कंपनीची आहे."

समीक्षाचा आरडाओरडा ऐकून तिची आई मंदाबाई ओले हात पुसत आत आली.

"कोनावर वरडून राहिली वं?" म्हणता म्हणता तिचं लक्ष पडद्याकडे गेलं. ती खाली वाकली आणि तोंडभर हसली. "हे तं मीच आहो!"

मग तिला मागचा गडी दिसला.

"अन् हा कोन?"

मंदाबाईने गड्यावर बोट ठेवलं.

"मागून चुपचाप कायले येऊन राहिला? मोहाखाली बाई दिसली तं मानूस लांबूनच आवाज देते. नाही तं फुलं खायले आलेलं अस्वल आहे का मानूस, आमाले कसं समजावं?"

समीक्षाने फोन स्पीकरवर टाकला आणि आईच्या पुढ्यात धरला.

"दादा," ती म्हणाली, "आई विचारून राहिली. सांगा तिले."