ग्रोझदानची मिशी

ग्रोझदानची मिशी थरथरत होती, तोवर पेनाला घोर नव्हता. काठावरच्या बाकी बायका घोंगड्या काखेत मारून गप्पा झोडत होत्या. हिची नजर नवऱ्याच्या मिशीवरून हटत नव्हती. जानेवारीतल्या चर्चच्या सणाची रीत म्हणून नदीच्या कंबरभर पाण्यात गावातले चाळीस पुरुष हातात हात गुंफून नाचत होते, कडेला बर्फ धरलेला, आणि मिन्चोकाकाचा ढोल असा घुमत होता की छातीत धडधड व्हावी.

रांगेच्या पुढे निशाण घेऊन ग्रोझदान. वय एकसष्ट. आदल्या दिवशी गावातल्या तरण्या रूमेनने चारचौघांत म्हटलं होतं, "काका, आता निशाण आमच्याकडे द्या की!" झालं, गडी पेटला! दरसाल नाचाच्या दोन फेऱ्या व्हायच्या. आज चौथी चालू होती. काठावरून राकियाचे, फळांच्या गरम दारूचे, पेले येत होते आणि हा एकही परत पाठवत नव्हता.

"बघ, कसा लालबुंद झालाय तुझा नवरा!" शेजारची रादका म्हणाली. "आत शेगडी आहे शेगडी!"

"शेगडी कसली डोंबलाची! दारूने आतली ऊब कातडीवर आणलीय, नि ती नदी ओढून घेतेय. कुडकुडतोय तोवर ठीक आहे, बाई."

आणि मिशी थांबली.

पेनाने डोळे चोळून पाहिलं. छे, जरा म्हणून हलत नव्हती. ग्रोझदान कसनुसा हसला आणि सदऱ्याची बटणं सोडायला लागला. "उकडतंय रे, पोरांनो!"

काठावर एकच जल्लोष! "शाब्बास, ग्रोझदान! काढ, काढ!" टोप्या उडाल्या. पेना पाण्याच्या कडेपर्यंत धावली.

"अरे मूर्खांनो, गारठून भ्रमलाय तो! बाहेर काढा त्याला!"

ढोलापुढे कोण ऐकतंय? तिने घोंगडी रादकाच्या अंगावर फेकली आणि बुटांसकट नदीत उतरली. आजच्या दिवशी बाईने या पाण्यात पाऊल घातल्याचं गावात कुणी पाहिलं नव्हतं.

"पेना!" पाद्रीबाबा क्रूस हातात घेऊन ओरडले. "अगं, रीत!"

"खड्ड्यात गेली रीत!"

तिने नवऱ्याचा हात ओढला. तो हलेना. "पाचवी... फेरी..." त्याची जीभ जड झाली होती. तेव्हा पेनाने त्याच्या मुठीतलं निशाण हिसकावलं, उंच धरलं आणि ढोलाच्या ठेक्यावर पाऊल टाकलं. निशाण जाईल तिकडे रांग जाते, एवढं त्या चाळीस जणांच्या हाडीमाशी भिनलेलं. रांग वळली. मागून ढकलला गेलेला ग्रोझदान बायकोचा हात धरून नाचत नाचत पाण्याबाहेर आला, काठ चढला, आणि अख्खी वरात काठाजवळच्या बेकरीच्या दाराशी पोचली.

आत नेऊन ग्रोझदानचे ओले कपडे उतरवले, घोंगड्या गुंडाळल्या. बेकरीवाला त्याला भट्टीच्या तोंडाशी सरकवायला लागला.

"पाव आहे का तो? हळूहळू ऊब येऊ दे!" पेना कडाडली. "ए रूमेन, काढ सदरा. घोंगडीत शीर नि चिकट काकांच्या छातीला."

"मी?"

"मग कोण, मी पाद्रीबाबांना सांगू?"

रूमेन निमूट शिरला. बाहेर ढोल थांबला होता. पेना नवऱ्यासमोर उकिडवी बसली, ओल्या घागऱ्यातून पाणी ठिबकत होतं, आणि त्या मिशीकडे एकटक पाहत राहिली. हल ना रे. हल ना, माझ्या राजा.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. आधी मिशीचं डावं टोक हललं. मग उजवं. मग हनुवटी, खांदे, आणि दात असे कडकडायला लागले की रूमेनच हादरला.

"पे... पेना," ग्रोझदान म्हणाला, "थं... थंडी वाजतेय गं."

पेनाने तोंडावर पदर दाबावा तशी घोंगडी दाबली आणि ढसाढसा रडायला लागली. रूमेनने घोंगडीतून मुंडकं बाहेर काढलं आणि दाराकडे तोंड करून जिवाच्या आकांताने ओरडला, "वाजतेय! काकांना थंडी वाजतेय!"

रस्त्यावरची सगळी माणसं ओरडली, पाद्रीबाबांनी टोपी उडवली, आणि मिन्चोकाकाने ढोलावर टिपरी हाणली.