चिकटपट्टी

नवजात बाळांच्या कक्षात शिरताना घड्याळ उतरवून कोपरापर्यंत हात धुवावे लागत. हात पुसले, की सुरेखा सिस्टर मनगटावरच्या गोंदणावर चिकटपट्टी लावायची. आदिवासी वाडीवरची असल्याचा तिने शहापुरात कुणाला थांगपत्ता लागू दिला नव्हता. आज तशाच वाडीवरची मंगळी आपल्या बोलीत आकांत करत काचेच्या पेटीतून स्वतःचं बाळ काढायला बघत होती. “हिची भाषा कुणाला कळते का?” पुण्याचे डॉक्टर ओरडले. सुरेखाला शब्दन्‌शब्द कळत होता. सलाइनसाठी बाळाच्या हाताला पट्टी चिकटवली होती. मंगळीला वाटलं, हात मोडलाय. पण तोंड उघडलं तर बिंग फुटेल, म्हणून सुरेखाने मान खाली घातली. कक्षातल्या आयामावशींनी मंगळीला दाराकडे ओढलं, तेव्हा तिची नजर सुरेखाच्या मनगटावर गेली. “तुला पन लागलं का गो, बाय?” रडणं विसरून तिने त्या पट्टीवर हळूच फुंकर घातली.