ड्रमपासून पाट्यापर्यंत

जॅक खाली आला आणि मागचा नवा टायर मडगार्डच्या कडेला जाऊन भिडला. रबर घासल्याचा आवाज झाला. झिगमुंटनं हात वर केला, तशी रेनाटा जॅकचा दांडा धरून थांबली.

"काय झालं, डॅड?"

तो गुडघ्यांवर बसून चाकाभोवती बोटं फिरवायला लागला. दोन वर्षांपासून त्याच्या नजरेचा मधला भाग विझत चालला होता. समोर माणूस उभा राहिला तर चेहरा नाहीसा व्हायचा, कान तेवढे उरायचे. पण सत्तर सालची ही चॅलेंजर गाडी याच गावच्या कारखान्यात जोडलेली होती, आणि त्या वर्षी तोही तिथंच पाने फिरवत होता. तिचा प्रत्येक कोपरा त्याच्या हातांना पाठ होता. टायर दोनशे पंचाहत्तर मिलिमीटर रुंदीचेच हवेत, असा हट्ट त्यानं धरला होता. त्याहून अरुंद टायर म्हणजे हत्तीला शेळीचे पाय, असं त्याचं म्हणणं.

टायर आणि मडगार्डच्या मधे नखही शिरेना. मग त्यानं आतून हात घातला. टायर आणि आतल्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधे त्याचा अख्खा तळहात सहज गेला.

"तो रेडिओ बंद कर."

बेसबॉलचा सामना रंगात आला होता. रेनाटानं रेडिओ बंद केला.

"चाक इंचभर बाहेर आलंय," तो म्हणाला.

"दुकानातून चुकीच्या रिम आल्या असतील. परत पाठवू."

"दुकानानं मी सांगितल्या त्याच पाठवल्या. ब्रेकच्या ड्रमला रिम टेकते तिथून तिच्या आतल्या कडेपर्यंत साडेतीन इंच. आणि साडेतीन मी का सांगितलं? ड्रमपासून पाट्यापर्यंत पाच इंच आहेत, असं टेप वाचून तू म्हणालीस. दीड इंच टायरच्या फुगवट्याला आणि मोकळ्या जागेला सोडला. उरले साडेतीन."

"वाचताना चुकलं असेल माझं."

"वीस वर्षं इस्पितळात सुया भरतेस तू. केसाएवढ्या रेघा वाचतेस. आणि टेपवरचा आकडा चुकतेस होय?"

त्या दिवशी टेपवरचा सहा तिला स्वच्छ दिसला होता. तोंडातून पाच निघालं. तिला वाटलं होतं, चाकं बसणार नाहीत, हा शिव्या घालील, दुसऱ्या रिम यायला आणखी चार महिने जातील, आणि तोवर गाडी चालवायचा विषयच संपेल.

"मुद्दाम?" त्यानं विचारलं.

"मुद्दाम."

झिगमुंट मडगार्डला धरून उठला. "तुझ्या आईनंसुद्धा मला कधी असं गंडवलं नाही. ऑगस्टात वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्या निघतात, त्यांच्यात एक फेरी. एकच मागितली होती मी. तीही तू शेजारी बसून."

"ऑक्टोबरात तू गाडी चालवलीस तेव्हाही मी शेजारीच बसले होते." तिचा आवाज चढला. "कोपऱ्यावर गचका बसला, आठवतं? तू म्हणालास, कर घेतात आणि खड्डे बुजवत नाहीत."

"मग?"

"तो खड्डा नव्हता. शेजारच्या लुसीलचं कुत्रं होतं."

त्याचा हात मडगार्डवर होता तिथंच राहिला.

"मेलं?"

"तुला घरी सोडून मी परत गेले तेव्हा श्वास चालू होता. थोडा वेळ."

"दर रविवारी हात धरून चर्चच्या पायऱ्या चढवते ती मला. तिला ठाऊक आहे?"

"तिला वाटतं, एखादा ट्रकवाला असेल."

"वाटतं, का तू सांगितलंस?"

"मी सांगितलं."

बाहेर गल्लीतून कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र घरघरत गेलं.

"जानेवारीत डॉक्टरांचं पत्र आलं होतं," झिगमुंट म्हणाला. "तेही तूच वाचलंस. आहे तेवढी नजर टिकेल, असं वाचलंस."

रेनाटा जमिनीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत राहिली.

"पोरी, मला तुझा चेहरा दिसत नाही. तोंडानं सांग."

"सहा महिने, असं होतं त्यात," ती म्हणाली. "फार तर आठ."

"जानेवारीपासून?"

"जानेवारीपासून."

त्यानं ओठ हलवत महिने मोजले. एप्रिल निम्मा सरला होता.

"चाक काढ," तो म्हणाला.

तिनं गाडी पुन्हा उचलली, खाली लाकडी ठोकळे सरकवले, नट सोडले, चाक ओढून भिंतीला टेकवलं. मग न सांगताच टेप घेतली आणि सिमेंटवर आडवी होऊन ड्रमपासून पाट्यापर्यंत ताणली. तिनं टेप दोन्ही हातांनी घट्ट धरली. आकडा दोनदा बघितला.

"सहा," ती मोठ्यानं म्हणाली. "पुरते सहा, डॅड. देवाशपथ."

"बरं."

तो बाकाकडे गेला आणि चाचपडत रंग ढवळायची एक लाकडी पट्टी शोधून घेऊन आला. तिच्या शेजारी गुडघे टेकले. पट्टी ड्रमच्या तोंडापासून सरळ पाट्याला टेकेपर्यंत सरकवली, ड्रमशी अंगठ्याचं नख रोवून जागा धरली, आणि खिशातला चाकू काढून तिथं खाच पाडायला लागला.