पोहोचल्याचा फोन

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. महिन्यातून एकदा विमानाने दुसऱ्या शहरात कामाला जायचा. प्रवास दोन तासांचा. उतरल्याबरोबर "पोहोचलो गं" असा फोन करायचा, हा लग्नापासूनचा नेम.

मध्ये एका खेपेला तो फोन तासाभरातच आला. "वारा पाठीशी होता," तो म्हणाला. गेल्या खेपेला तर तो निघाल्यावर तिचे कपडे वाळत घालून होतात न होतात तोच फोन आला. मागे तिथल्या विमानतळावरच्या घोषणा, सामानाच्या गाड्यांची खडखड.

तिच्या मनात पाल चुकचुकली. हे विमानात बसतच नसणार. इथेच कुठेतरी दुसरं बिऱ्हाड थाटलं असेल, आणि त्या घोषणा मुद्दाम वाजवत असतील.

बहीण म्हणाली, "विमानतळापर्यंत सोडायलाच जा. एकदाचा सोक्षमोक्ष लागेल."

म्हणून आज तीही तयार होऊन बसली होती. तो दारात वाकून बुटाची नाडी बांधत होता. शेजारी पान्ह्यांची पेटी आणि पेटीवर त्याचा मोबाइल.

"तू कशाला येतेस? उगाच दगदग."

"तेवढंच बाहेर पडणं होतं."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नाव नवऱ्याचंच. पेटीवरच्या मोबाइलचा पडदा तर काळाठिक्कर होता. तिने फोन कानाला लावला.

"पोहोचलो गं." मागे त्याच घोषणा, तीच खडखड.

दारातल्याने मान वर केली. "कुणाचा फोन?"

 पलीकडचा आवाज हळूच, संशयाने म्हणाला, "घरात कोण आहे?"