एकोणीस जहाजं

"अहो आई, सतरंजी घरात काय बडवताय? बाबांच्या जहाजांवर धूळ बसेल ना!" सून स्वयंपाकघरातून धावत आली.

आमच्या यांनी हाताने बनवलेली एकोणीस जहाजं काचेच्या कपाटात आहेत. चाळीस वर्षं रोज सकाळी मी ती दाढीच्या ब्रशाने झाडली. ऑफिसला निघताना हे शिडांवरून बोट फिरवायचे. बोटाला धूळ लागली, की कमरेचा पट्टा निघायचा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझ्या हातून एक डोलकाठी मोडली, तेव्हा यांनी माझा हात कपाटाच्या चौकटीवर दाबून दार आपटलं. दोन बोटं कायमची वाकडी झाली.

"बरं झालं. आता डोलकाठ्यांच्या मधे नीट शिरतात," हे पाहुण्यांसमोर हसायचे.

गेल्या महिन्यात यांना अर्धांगवायू झाला. कपाटासमोरच्या खाटेवर पडून असतात. फक्त डोळे हलतात.

आज तेच दार मी सताड उघडलं होतं. सतरंजी त्याच्यासमोर खुर्चीवर टाकली होती. काठी माझ्या वाकड्या बोटांत घट्ट बसली होती.

"बसू दे," मी सुनेला म्हटलं, आणि यांच्या डोळ्यांत बघत पुढचा तडाखा हाणला.